जुन्या जेट्टाला कुठलं ऑइल?

बाबांची जेट्टा २००९ ची. फोक्सवॅगन, १.९ टीडीआय म्हणजे टर्बो डिझेल, पाच गिअर, नंबर एमएच ४३. जुळणी झाली ती तेव्हाच्या औरंगाबादजवळ शेंद्र्याला, स्कोडाच्या कारखान्यात, त्यामुळे बाबा तिला जर्मन म्हणतात आणि आई मराठवाड्याची. १५ वर्षं भरली तेव्हा घरात दोन तट पडले. आईचं म्हणणं, विकून मोकळे व्हा. बाबांचं म्हणणं, भंगारात देणार असाल तर मलाही सोबत द्या. शेवटी फिटनेस दाखवला, पर्यावरण कर भरला, पाच वर्षांचं नूतनीकरण झालं. बाबांना गुडघ्यांमुळे क्लच झेपेना, म्हणून किल्ली माझ्याकडे आली.

किल्लीबरोबर सर्व्हिसच्या बिलांची एक फुगलेली पिशवी मिळाली. सुरुवातीच्या बिलांवर सगळं व्यवस्थित छापलेलं: फिल्टरचा नंबर, वायसरचा नंबर, ऑइलपुढे ‘५०५.०१’. पुढे वॉरंटी संपली, गाडी कंपनीच्या वर्कशॉपातून गल्लीतल्या गॅरेजात आली आणि बिलंही आटोपशीर झाली. शेवटच्या काही वर्षांत तर फक्त ‘ऑइल चेंज’ आणि पुढे रक्कम. कुठलं ऑइल, किती, काही नाही. बाबांना विचारलं तर म्हणाले, “चांगलंच टाकत असेल गं तो. ओळखीचा आहे.”

मी ऐरोलीला राहते, ऑफिस ठाण्यात वागळे इस्टेटला. अंतर फार नाही, पण ऐरोली पुलावरून मुलुंड चेकनाका आणि पुढे असा सगळा सरकत जायचा रस्ता. टोल गेला, रांग काही गेली नाही. जुन्या टर्बो डिझेलला असा प्रवास मानवत नाही. पाणी लवकर तापतं, काटा ९० वर जाऊन बसतो आणि आपल्याला वाटतं इंजिन गरम झालं. ऑइल मात्र त्याच्या बरंच मागून तापत असतं. ते नीट तापेपर्यंत ऑफिस आलेलं असतं. म्हणून ठरवलं, गाडी चालवायला घ्यायच्या आधी निदान तिच्या पोटात काय जातंय ते तरी स्वतः ठरवायचं.

सल्ल्यांना तोटा नव्हता. आमच्या सेक्टरमधले दत्ताभाऊ, ज्यांच्याकडे माझी स्कूटर जाते, ते बोनेट उघडायच्या आधीच म्हणाले, “ताई, गाडी म्हातारी झाली. आता पंधरा-चाळीस टाका. पातळ ऑइल पितात या गाड्या. आणि पाच डब्ल्यू कशाला, आपल्याकडे काय बर्फ पडतो?” ऑफिसातल्या एका मित्राचं नेमकं उलट. त्याच्या मते जितकं पातळ आणि जितकं महाग तितकं उत्तम, शून्य डब्ल्यूच्या खाली त्याला बोलायचंच नव्हतं. वाशीच्या ट्रक टर्मिनलजवळच्या दुकानदाराने एकच प्रश्न विचारला, “डिझेल आहे ना?” आणि मी हो म्हणायच्या आत ट्रकच्या ऑइलची बादली काउंटरवर आली. वर ठळक अक्षरात एपीआय सीआय-४, म्हणजे ट्रकच्या डिझेल इंजिनांचा दर्जा.

गंमत म्हणजे यातलं कोणीही मुद्दाम चुकीचं सांगत नव्हतं. प्रत्येकजण आपापल्या इंजिनाबद्दल बोलत होता, माझ्या इंजिनाबद्दल कोणीच नाही.

आधी दत्ताभाऊंचा जाड-पातळचा मुद्दा घेऊ, कारण तो दर दुसरा मिस्त्री सांगतो. डब्यावरचा पहिला आकडा, डब्ल्यूच्या आधीचा, थंडीतला. ५डब्ल्यूची थंड सुरुवातीची चाचणी उणे ३० अंशांना होते, १५डब्ल्यूची उणे २० ला. तेवढ्यावरून पाहिलं तर दत्ताभाऊंचं खरं आहे, ऐरोलीत या दोन्ही तापमानांशी कोणाचा संबंध नाही. पण दुसरा आकडा गरम इंजिनाचा. ४० म्हणजे १०० अंश सेल्सिअसला ऑइलचा दाटपणा १२.५ ते १६.३ सेंटिस्टोक्सच्या मध्ये हवा. मग तो ५डब्ल्यू-४० असो की १५डब्ल्यू-४०. म्हणजे इंजिन तापल्यावर, घोडबंदरला गायमुखच्या चढावर ट्रकमागे अडकल्यावर, दोन्ही ऑइलं एकाच खात्यातली. फरक पडतो तो सकाळी सेल्फ मारताना. रात्रभर सगळं ऑइल खाली चेंबरमध्ये उतरलेलं असतं आणि ते वर कॅमशाफ्टपर्यंत, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या फिरत्या दांड्यापर्यंत, चढायला जो वेळ लागतो, त्या वेळात धातूवर धातू घासत असतो. २५-२८ अंशांच्या आपल्या सकाळीही १५डब्ल्यू हे ५डब्ल्यूपेक्षा दाटच असतं आणि वर उशिरा पोचतं. बर्फ पडायची गरज नाही.

हे मी दत्ताभाऊंना सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, “बरोबर असेल ताई, पण जुन्या गाडीला जाडच.”

खरा पेच मात्र दाटपणाचा नव्हताच. तो कळला एका फोरमनकाकांमुळे. बाबांच्या जुन्या कंपनीतल्या कोणाच्या ओळखीने त्यांचा पत्ता मिळाला. आयुष्यभर जर्मन गाड्यांच्या वर्कशॉपात काम केलेले, आता वागळे इस्टेटच्या मागच्या गल्लीत दोन गाळ्यांचं स्वतःचं गॅरेज. बोलणं कमी, हात स्वच्छ. बोनेट उघडल्यावर त्यांनी ऑइलकडे पाहिलंच नाही. इंजिनावरचं प्लास्टिकचं झाकण काढून खालच्या व्हॉल्व्ह कव्हरवर बोट ठेवलं.

“हे पीडी आहे. माहितीये का?”

मला फक्त अक्षरं माहीत होती. पीडी म्हणजे पुम्पे-ड्युझे, पंप आणि नोजल एकत्र. नेहमीच्या डिझेल इंजिनात एक पंप सगळ्या नोजलना डिझेल पुरवतो. फोक्सवॅगनने १९९८ मध्ये पसाटमध्ये आणलेल्या या १.९ इंजिनात प्रत्येक सिलिंडरला स्वतःचा पंप-नोजल दिला आणि तो दाबायचं काम कॅमशाफ्टवर टाकलं. डिझेलचा दाब जवळजवळ २००० बारपर्यंत जातो. त्या काळच्या मानाने हा दाब अफाट होता, म्हणूनच ही इंजिनं इतकी जोरदार आणि कमी पिणारी. आमच्या जेट्टाचे १०५ पीएस याच जोरावर. त्याच काळातली स्कोडा लॉराही याच इंजिनाची, ठाण्यात अजून बऱ्याच दिसतात.

पण याची किंमत कॅमशाफ्ट मोजतो. नोजल दाबणाऱ्या कॅमसाठी, म्हणजे त्या दांड्यावरच्या उंचवट्यांसाठी, जागा काढायची म्हणून व्हॉल्व्ह उघडणारे कॅम अरुंद केले. नोजलच्या रॉकरला, म्हणजे कॅमचा दाब नोजलवर नेणाऱ्या दांडीला, निदान रोलर आहे. व्हॉल्व्हचे टॅपेट, म्हणजे कॅम आणि व्हॉल्व्हमधल्या टोप्या, मात्र सपाट, त्यावर कॅम नुसता घासत जातो. कमी रुंदीवर जास्त दाब. मधली ऑइलची फिल्म तुटली की कॅमची कड झिजायला लागते, मग टॅपेटच्या डोक्याला खड्डा पडतो, आणि दुर्लक्ष केलं तर चक्क भोक. काकांनी मागच्या फळीवरच्या डब्यातून असा एक टॅपेट काढून माझ्या हातात ठेवला. दुसऱ्याच कुठल्या गाडीतला. वरून आरशासारखा चकचकीत, आणि मधोमध नखाएवढं आरपार भोक, कडा कागदासारख्या पातळ. “यात पंधरा-चाळीस होतं,” एवढंच बोलले.

याच कारणासाठी फोक्सवॅगनने पीडी इंजिनांना वेगळं मानक केलं, व्हीडब्ल्यू ५०५.०१. ज्या ऑइलला हा नंबर हवा त्याला कंपनीच्या स्वतःच्या चाचण्यांतून जावं लागतं. ट्रकच्या सीआय-४ ऑइलची काजळी धरून ठेवायची ताकद उत्तम असते, वादच नाही, पण ते ट्रकच्या इंजिनासाठी तपासलेलं असतं, या अरुंद कॅमसाठी नाही. माझ्या पिशवीतल्या पहिल्या बिलांवरचा ‘५०५.०१’ म्हणजे नुसता पार्ट नंबर नव्हता, तेच उत्तर होतं. गाडीच्या पुस्तकातही ते छापलेलं आहे, पण ते पुस्तक आमच्याकडे डॅशबोर्डच्या कप्प्यात टोलच्या जुन्या पावत्यांखाली झोपलेलं.

नंबर कळल्यावर ऑइल शोधायला निघाले आणि तिथे दुसरा गोंधळ सुरू झाला. दुकानात डबा आपण पुढून बघतो. पुढे असतं काय? ब्रँडचं नाव, ‘फुल्ली सिंथेटिक’, ५डब्ल्यू-४०, आणि एखादी धावणारी लाल गाडी. कामाची ओळ मागे, बारीक अक्षरात. वाशी सेक्टर १७ मधल्या एका दुकानात मी डबे उलटे करून मोबाइलच्या टॉर्चने वाचत बसले, तेव्हा तिथला पोऱ्या आधी हसला आणि मग स्वतःच वाचून दाखवायला लागला. बहुतेक ५डब्ल्यू-४० डब्यांवर ‘व्हीडब्ल्यू ५०२.००/५०५.००’ होतं. दुकानदार म्हणाला, “मॅडम, पाचशे पाच आहे की!” आहे, पण शून्य-शून्य, शून्य-एक नाही. ५०५.०० हे पीडीच्या आधीच्या डिझेलांचं मानक. आकडा एका घराने वेगळा आणि इंजिन पूर्ण वेगळं. हा एक घोळ किती जेट्टा-लॉरांच्या कॅमशाफ्टना भोवला असेल देव जाणे.

दुसरी गोष्ट शब्दांची. काही डब्यांवर नंबरच्या आधी ‘अप्रूव्हल’ असतं, काहींवर ‘मीट्स’ किंवा ‘सूटेबल फॉर’. अप्रूव्हल म्हणजे गाडीच्या कंपनीने तपासून होकार दिला. बाकीच्यांत ऑइलवाला स्वतःच स्वतःची ग्वाही देतोय. ती खोटीच असते असं नाही, पण पीडीच्या बाबतीत मला होकार हवा होता.

मग ५०७.०० चा प्रश्न. ५०५.०१ नंतर फोक्सवॅगनने ५०४.००/५०७.०० आणलं, साधारणपणे ५डब्ल्यू-३०, कमी राखेचं, एक्झॉस्टमध्ये डीपीएफ, म्हणजे काजळी अडवणारा फिल्टर, असलेल्या गाड्यांसाठी. कंपनीच्या तक्त्याप्रमाणे चार सिलिंडरच्या पीडीला ते चालतं. पण इंटरनेटवरच्या आपल्याकडच्या जुन्या सल्ल्यांत सगळीकडे एकच: ‘भारतात ५०७ नको, आपल्या डिझेलात गंधक फार.’ हा सल्ला त्या काळी चुकीचा नव्हता. गंधक जळून आम्ल तयार होतं, ते मारायला ऑइलमध्ये क्षार लागतो, आणि कमी राखेच्या ऑइलात तो क्षार कमी असतो. आमची गाडी घेतली तेव्हा मुंबईत बीएस-३ डिझेल होतं, दर दहा लाख भागांत ३५० भाग गंधक. २०१० मध्ये मुंबईला बीएस-४ आलं, ते ५० वर उतरलं. आणि १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६, म्हणजे १०. गंधकाचं कारण आता उरलं नाही, सल्ला मात्र तसाच फिरतोय.

तरी मी ५०७ घेतलं नाही. आमच्या गाडीला डीपीएफच नाही, तर कमी राखेसाठी जास्त पैसे कशाला मोजायचे? आणि पंधरा वर्षं चाललेल्या इंजिनाला मे महिन्यातल्या ठाण्यात ३० पेक्षा ४० दिलेलं मला बरं वाटतं. हे माझं मत आहे, कोणी ५०७ घालत असेल तर त्याच्याशी मी भांडणार नाही. भांडेन ते ५०८/५०९ शी. हे नवं ०डब्ल्यू-२०, रंगाने हिरवट, मुद्दाम वेगळं ओळखू यावं म्हणून रंगवलेलं. ते मागच्या गाड्यांना चालत नाही असं फोक्सवॅगनच सांगते. माझ्या शून्य डब्ल्यूवाल्या मित्राने नेमकं तेच सुचवलं होतं, ‘व्हीडब्ल्यूचं लेटेस्ट’ म्हणून.

शेवटी यादीत दोन-तीनच नावं उरली. मोट्यूलचं एक ऑइल तर नावातच ५०५.०१ घेऊन येतं, स्पेसिफिक ५०५.०१, ५डब्ल्यू-४०. लिक्वी मोलीचं टॉप टेक ४१०० सुद्धा चालण्यासारखं. जे पाच लिटरमध्ये आणि अलीकडच्या बॅचचं मिळालं ते घेतलं. ट्रकच्या ऑइलच्या साधारण दुप्पट भाव. झाकणाची कडी न तुटलेली, बॅच नंबर खरवडलेला नाही, सील सरळ, हे काउंटरवरच बघून घेतलं. जुने डबे पुन्हा भरून विकायचा धंदा आपल्याकडे नवीन नाही. म्हणूनच रिकामा डबा गॅरेजात सोडायचा नाही, निदान त्याला भोक पाडून यायचं.

डबा घरी आणला, शू-रॅकशेजारी ठेवला आणि बदलायच्या आधी सहज डिपस्टिक काढून बघितली. या गाडीच्या पट्टीवर खुणांच्या तीन जागा आहेत. खालच्या भागात ऑइल असेल तर घालायलाच हवं, मधल्या रेघारेघांच्या भागात असेल तर घातलं तरी चालतं, वरच्या भागात असेल तर अजिबात घालायचं नाही. आमचं ऑइल वरच्या भागाच्याही वर होतं. गाडी सपाट पार्किंगमध्ये, बंद करून बराच वेळ झालेला, पट्टी पुसून पुन्हा बुडवलेली. तरी वरच.

बाबा खूश. “बघ, अजिबात ऑइल खात नाही माझी गाडी!”

म्हाताऱ्या इंजिनात ऑइल कमी झालं तर समजू शकतं. वाढतं कसं? पट्टी नाकाशी नेली तर पेट्रोलपंपावर येतो तसा डिझेलचा उग्र वास. किचनमधला टिशू पेपर घेतला, त्यावर एक थेंब सोडला आणि कपाटावर ठेवला. सकाळी पाहिलं तर मध्ये काळा डाग, आणि त्याच्या बाहेर फिकट, तेलकट, पारदर्शक कडं दूरवर पसरलेलं. ते कडं डिझेलचं. हा जुना वर्कशॉपी उपाय आहे, फुकटचा आणि बऱ्यापैकी खरा.

फोटो काकांना पाठवला. उत्तर आलं, “नवीन ऑइल उघडू नका. गाडी घेऊन या.”

पीडीमध्ये डिझेल आणि ऑइल एकाच हेडमध्ये शेजारी शेजारी नांदतात. नोजलांना डिझेल हेडमधल्याच वाटांनी जातं आणि ते ढकलणारा टँडम पंप हेडच्या टोकाला, कॅमशाफ्टवरच फिरतो. त्याच पंपात ब्रेकसाठी लागणारा व्हॅक्यूमही तयार होतो. नोजलच्या ओ-रिंगा कडक झाल्या किंवा पंपाच्या आतलं सील गेलं, की डिझेल बाहेर रस्त्यावर न गळता आत ऑइलमध्ये उतरतं. खाली डाग पडत नाही, म्हणून कोणाला कळत नाही. ऑइल पातळ होत जातं आणि ज्या कॅमच्या फिल्मसाठी एवढा आटापिटा करायचा, ती फिल्मच विरते. असल्या गाडीत जगातलं सर्वात भारी ५०५.०१ घातलं तरी दोन महिन्यांत त्याचं पाणी.

“आधी माठाची चीर बुजवा, मग वाळा टाका,” काका म्हणाले.

त्यांनी व्हॉल्व्ह कव्हर काढलं. तो क्षण मला जरा जड गेला, कारण गल्लीतल्या गॅरेजच्या ऑइलने आत काय करून ठेवलंय ते आता दिसणार होतं. काळसर ऑइलचा पातळ थर, एकामागोमाग एक कॅम, मधले मोठे नोजलचे. काकांनी कापडाने एकेक कॅम पुसला, इंजिन हाताने फिरवत टोक वर आणलं आणि कडेवरून अंगठ्याचं नख ओढलं. मग मला म्हणाले, तुम्ही बघा. नख सरळ गेलं की कड शाबूत, अडखळलं की झीज. आमच्या एका एक्झॉस्ट कॅमच्या कडेवर नख किंचित अडकलं. बाकी सरळ. टॅपेटवर बारीक गोल रेघा होत्या, खड्डा नव्हता. “चालेल. पण आता याला लाडात ठेवायचं.”

मग हेड कोरडं पुसून डिझेलच्या लाइनला हातपंपाने दाब दिला आणि टॉर्च धरून आम्ही दोघं बघत राहिलो. नोजलांभोवती कोरडं. थोड्या वेळाने पंपाच्या बाजूने, जिथे तो कॅमला जोडलेला असतो तिथून, एक चमकती रेघ हळूहळू खाली आली. पंपच. त्याच्या आतलं सील सुटं मिळवून बसवण्यापेक्षा पंप बदललेला बरा असं काकांचं मत, आणि माझंही, कारण ब्रेकचा व्हॅक्यूम त्याच्यावरच. नवीन पॅकिंग टाकून पंप बसला. खर्च ऑइलच्या कितीतरी पट झाला. आईला आकडा सांगताना मी तो ‘किरकोळ काम’ या सदरात टाकला.

काढलेल्या ऑइलचा नमुना मी हौसेने महापे भागातल्या एका टेस्टिंग लॅबमध्ये दिला. गरज नव्हती, टिशू पेपरने सांगून झालं होतं. पण रिपोर्ट वाचायला मजा आली. १०० अंशांना दाटपणा १२.५ च्या खाली घसरलेला, म्हणजे ४० म्हणून टाकलेलं असेल, तर ते ऑइल ३० च्या खात्यात जाऊन बसलं होतं. फ्लॅश पॉइंटही उतरलेला, म्हणजे ते पेट घ्यायला नव्या ऑइलपेक्षा कमी तापमान पुरे. दोन्ही डिझेल मिसळल्याच्या खुणा. गॅरेजवाल्याने जाड ऑइल घातलं असेलही, गाडीने ते परस्पर पातळ करून घेतलं.

ऑइल बदलायच्या दिवशी मी रजा टाकली. गाडी आधी थोडी फिरवून आणली, कारण गरम ऑइल नीट वाहतं आणि गाळ घेऊन उतरतं. वरून फिल्टरच्या डब्याचं प्लास्टिकचं झाकण सैल केलं की त्यातलं ऑइल आपोआप खाली जातं. आत कागदी फिल्टर असतो, नव्या फिल्टरबरोबर झाकणाची ओ-रिंग मिळते आणि ती बदलायचीच. मग खालचा ड्रेन बोल्ट, १९ चा पाना. काळा झरा सुरू झाला आणि काका निवांत चहाला गेले. मला घाई होती, त्यांना नव्हती. शेवटचे थेंब पडेपर्यंत थांबायचं हा त्यांचा नियम. या बोल्टचा वायसर बोल्टबरोबरच अडकवलेला येतो, म्हणून दरवेळी बोल्टच नवा टाकायचा. जुना बोल्ट जोर लावून आवळण्याने किती ॲल्युमिनियमच्या चेंबरांचे आटे गेले असतील याची काकांकडे वेगळी मालिका आहे. कसायचा ३० न्यूटन-मीटरला, टॉर्क पाना लावून. हाताला तो बोल्ट अजून सैलच वाटतो.

इंजिन फ्लश करून, म्हणजे आतून धुऊन, घेऊ का, असं मी विचारलं. कारण सगळेच सांगतात. काकांनी मान हलवली. त्यांच्या मते इतक्या वर्षांचा थर एकदम सुटला तर तो ऑइल पंपाच्या जाळीत जाऊन बसायची भीती. त्याऐवजी हेच ऑइल कमी अंतरावर काढून टाकायचं. आत राहिलेलं डिझेलमिश्रित ऑइलही त्यात निघून जाईल आणि सफाई त्याचं त्याचं होईल.

फिल्टरसह ४.३ लिटर लागतं. चार लिटर घातलं, इंजिन सुरू करून बंद केलं, थांबलो, पट्टी पाहिली, मग थोडं थोडं करत मधल्या भागाच्या वरच्या टोकाला आणून सोडलं. काठोकाठ भरायचं नाही. उरलेलं डिकीत, उभं, जुन्या टॉवेलात गुंडाळून.

जुनं ऑइल न्यायला शेजारच्या साइटवरचा एकजण आलाच होता, सेंट्रिंगच्या प्लेटांना लावायला. काकांनी दिलं नाही. वापरलेलं ऑइल धोकादायक कचऱ्यात मोडतं, त्यांच्याकडे त्यासाठी पिंप आहे आणि परवाना असलेला माणूस ते नेतो. त्या साइटवाल्याचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

फरक काय पडला? सकाळी सुरू केल्यावर पहिल्या काही सेकंदांची टकटक कमी झाली, हे नक्की. बाबा म्हणतात पिकअप वाढला. मला तसं वाटत नाही आणि ऑइलने तसा वाढायचं कारणही नाही. वाढला असेल तर नव्या पंपाने. पट्टीवरची पातळी आता जागच्या जागी आहे, उलट महिन्याभरात अगदी किंचित खाली आली. ती खाली आलेली पाहून आनंद झालेली मी पहिलीच असेन. पुढचा बदल कंपनीच्या १५,००० किलोमीटरची वाट न बघता ७,५०० ला करायचा असं काकांनी बिलावर लिहून दिलंय. त्याच बिलावर त्यांनी ऑइलचं पूर्ण नाव, मानक आणि बॅच नंबरही लिहिला. मी न सांगता.

दत्ताभाऊंकडे स्कूटर अजून जाते. परवा त्यांनी विचारलं, “मग काय टाकलंत शेवटी?” सांगितलं. म्हणाले, “ते शून्य-एकवालं लिहून द्या एकदा कागदावर. माझ्याकडे एक लॉरा येते.” लिहून दिलं, आणि खाली टीप: आधी पट्टीचा वास घ्या.

बाबांचं मात्र भलतंच सुरू झालंय. त्यांनी मॉर्निंग वॉकच्या ग्रुपमध्ये मला ऑइलतज्ज्ञ करून टाकलं. घोडबंदरला राहणाऱ्या त्यांच्या एका मित्राकडे जुनी, पुण्यात बनलेली मर्सिडीज आहे, पेट्रोल. त्यांचा फोन आला, “बेटा, तू घेतलंस तेच नाव पाठव, मी पण तेच घेतो.” मी म्हटलं, “काका, ते फोक्सवॅगनच्या पीडीसाठी. तुमच्या मर्सिडीजचे नंबर वेगळे, २२९ ने सुरू होणारे किंवा त्याही आधीचे. बीएमडब्ल्यू असती तर अजून वेगळे असते. तुमच्या गाडीच्या पुस्तकातलं ऑइलचं पान फोटो काढून पाठवा, मग बघू.” त्यांनी पुस्तकाऐवजी गाडीचाच फोटो पाठवला, पुढून, हार घातलेली. पुस्तक शोधतायत म्हणे.